भरभर बोललं की हेल मरतो का?

कानसेन:
निवेदनाच्या वर्गात पहिला धडा असतो, 'हळू बोला, आवाजात चढउतार आणा.' मला यात निव्वळ शिस्त दिसत नाही, गळ्याचं गणित दिसतं. यी शू आणि सन या दोन संशोधकांनी २००२ मध्ये मोजमाप केलं होतं. 'सा'वरून शुद्ध गंधारापर्यंत आवाज चढवायला, माणसाने होईल तितकी घाई केली तरी, सरासरी सव्वाशे मिलिसेकंद जातात. सेकंदाला आठ अक्षरं बोलणाऱ्याच्या वाट्याला एका अक्षरामागे येतात तेवढेच. मग चढायचं कधी आणि उतरायचं कधी? घाईचं बोलणं सपाटच होणार.

मैदानवाला:
कबड्डीचं समालोचन कधी ऐकलंत? शेवटच्या चढाईला वेग वाढतो आणि आवाज पार तार सप्तकात जातो. सपाट म्हणे!

कानसेन:
पट्टी चढते हो, पण तिथेच अडकून राहते. पट्टी वेगळी, चढउतार वेगळे. शिवाय तो वेगाचा गुण नाही, सामना रंगल्याचा आहे. बाजारातला लिलाववाला त्याहून भरभर बोलतो आणि एकाच सुरात बोलतो.

बोलघेवडा:
चिनी लोकांचं काय मग? मँडरिनमध्ये 'मा' चार सुरांत चार अर्थांचा: आई, ताग, घोडा, रागावणे. वेगाने सूर मरत असते तर घाईत आईचा घोडा झाला असता. प्रत्यक्षात चढत्या सुराचा कळस पुढच्या अक्षरावर सरकतो आणि ऐकणारा तो बरोबर पकडतो.

कानसेन:
म्हणूनच ते सावकाश बोलतात! २०११ मध्ये सात भाषांची तुलना झाली, त्यात जपानी सेकंदाला ७.८४ अक्षरं, मँडरिन ५.१८.

बोलघेवडा:
त्याच यादीत जर्मन ५.९७ आहे. जर्मनला कुठे आलेत असे सूर? त्या अभ्यासाचं म्हणणं असं की जिथे एकेका अक्षरात जास्त माहिती भरलेली असते, तिथे अक्षरं सावकाश येतात. अर्धी यादी वाचून उपयोग नाही.

स्वरूपा:
दोघेही सगळ्या भाषांना एकाच मापाने मोजताय. एस्थर ग्रेब यांनी १९९८ मध्ये दाखवलं की शब्द आखूड असला तर इंग्रजी बोलणारे सुराची अख्खी उतरण त्यात दाबून बसवतात, जर्मन बोलणारे ती अर्ध्यात तोडतात. जागा दोघांनाही कमीच.
आपल्याकडे बघा. 'तू येणार.' आणि 'तू येणार?' कितीही घाईत म्हणा, प्रश्न ओळखू येतो. जातं ते मधलं. 'उद्या सकाळी / आम्ही / कोल्हापूरला / जाणार' हे निवांत म्हटलं तर जवळजवळ प्रत्येक तुकड्याला छोटा चढ मिळतो. भरभर म्हटलं की तुकडे एकमेकांना चिकटतात आणि चढ कमी होतात. शेवट मात्र शाबूत. माझ्या मालवणी आत्याचा हेल तर घाईत जास्तच ऐकू येतो, कारण तो वाक्याच्या टोकाला असतो.

कानसेन:
मधले चढ गेले ना? मी वेगळं काय म्हणतोय?

स्वरूपा:
शीर्षक वाचा स्वतःचं. 'मरतो' लिहिलंय.

रात्रपाळी:
मी कामावर पॉडकास्ट दीडपट वेगाने ऐकतो. ॲप पट्टी तशीच ठेवतं, फक्त वेळ आवळतं. म्हणजे चढ दीडपट उभे होतात, तरी कळतं सगळं. मर्यादा असेल तर गळ्याची असेल, कानाची नाही.

कानसेन:
धागा बोलण्यावर आहे, ऐकण्यावर नाही. त्याच वेगाने स्वतः बोलून रेकॉर्ड करा, मधले चढ मोजा, मग या.