गुडघ्याची झीज ग्रेड 3: रंकाळ्याला फिरणं बंद करायचं का?

मंगळवारपेठकर: आईचं वय 63, वजन 74 किलो. उजवा गुडघा जास्त दुखतो, डावा कमी. एक्स-रेत ग्रेड 3 (4 पैकी, म्हणजे मध्यम झीज) आलंय. सकाळी उठल्यावर 10-15 मिनिटं आखडतो, मग मोकळा होतो. "वंगण संपलंय, चालू नका" असं सगळे सांगतात, म्हणून तिनं रंकाळा तलावाभोवतीची रोजची फेरी सोडली. बरोबर केलं का?

फिजिओ_राजारामपुरी: नाही. कूर्चेला, म्हणजे हाडांच्या टोकांवरच्या गादीला, स्वतःच्या नसाच नसतात, त्यामुळे नुसती गादी झिजली म्हणून दुखत नाही. दुखतं ते खालचं हाड, सांध्याचं सुजलेलं अस्तर आणि ओढले गेलेले स्नायू. म्हणून तर एकाच ग्रेडची दोन माणसं, एक जोतिबाच्या पायऱ्या चढतो आणि दुसऱ्याला जिना नको वाटतो. चालणं सोडलं की मांडीचा पुढचा स्नायू वाळतो आणि सगळा भार सांध्यावर येतो.

फेरी चालू ठेवा, फक्त तुकडे करा. 10 मिनिटं चाला, कट्ट्यावर बसा, पुन्हा 10. चालताना 10 पैकी 4 पर्यंत दुखलं तर चालेल. पण दुसऱ्या दिवशी याच वेळेपर्यंत दुखणं पूर्वीइतकं उतरलं पाहिजे. नाही उतरलं तर अंतर कमी करा, बंद करू नका.

खरं औषध मांडीचं. पलंगावर पाय लांब करून गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवा, ती खाली दाबून 5 सेकंद धरा, 10 वेळा. श्वास कोंडायचा नाही, विशेषतः बीपी असेल तर. मग एक गुडघा वाकवून दुसरा पाय सरळ ठेवून वीतभर उचला, 5 सेकंद, 10 वेळा. इथं बहुतेकजण पाय झटक्यानं उचलतात, गुडघा वाकतो आणि मांडीला काहीच काम होत नाही. तिसरा व्यायाम खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं, 8 वेळा, दोनदा. जमत नसेल तर खुर्चीवर उशी टाकून उंची वाढवा. पहिले दोन रोज, तिसरा दिवसाआड. फरक 6 ते 8 आठवड्यांनी कळतो आणि लोक आठव्या दिवशी सोडतात.

औषधदुकान_गंगावेश: डायक्लोफिनॅक जेल बोटभर लावून "उपयोग नाही" म्हणणारे रोज भेटतात. एका गुडघ्याला एका वेळी 2 ते 4 ग्रॅम, दिवसातून 3-4 वेळा लागतं. म्हणजे 30 ग्रॅमची ट्यूब काही दिवसांतच संपते. लावल्यावर वर गरम शेक देऊ नका, पट्टाही घट्ट बांधू नका. पोटातून घ्यायच्या दुखण्याच्या गोळ्या मात्र विचारल्याशिवाय नकोत. बीपी, किडनी, अल्सर यांपैकी काही असेल तर महागात पडतात. डिंकाच्या लाडवानं वंगण येत नाही, वजन मात्र येतं. आणि 1 किलो वजन उतरलं की पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे 4 किलोनं कमी होतो, हा हिशोब आईंना दाखवा.

मंगळवारपेठकर: काठी उजव्या हातात धरायची ना? दुखरा गुडघा उजवा आहे.

फिजिओ_राजारामपुरी: डाव्या हातात. काठी आणि दुखरा पाय एकाच वेळी पुढे पडले पाहिजेत, तरच भार काठीवर उतरतो. चपला घालून ताठ उभं राहिल्यावर काठीची मूठ मनगटाच्या घडीला यायला हवी. उंच असली तर खांदा दुखतो. जिन्यावर चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी. देशी संडास असेल तर वर बसवायची खुर्ची आणा, उकिडवं बसताना गुडघ्यावर सगळ्यात जास्त दाब येतो.

गुडघा लाल-गरम होऊन ताप आला, अडकून सरळच होईना, किंवा पोटरी एकदम सुजली, तर मात्र त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.