मदत हवी आहे : गाळामालक मशीन वर चढवू देत नाहीत, नियम काय?

प्रेसवाला_शाहूपुरी
गाळा घेतला, करार झाला, डिपॉझिट दिलं. आता मालक म्हणतात कटिंग मशीन वर न्यायचं नाही, स्लॅबला धोका आहे आणि खालचे आवाजाची तक्रार करतील. करारात "व्यावसायिक वापरासाठी" असं स्पष्ट लिहिलेलं आहे. मग ते अडवू शकतात का? कुठला नियम दाखवू? सोमवारी हायड्रा (मशीन चढवायची क्रेन) सांगितली आहे, लवकर सांगा.

स्लॅब_बीम
आधी सोमवारची हायड्रा पुढे ढकला. कितवा मजला? मशीनचं वजन किती, पाय किती, दोन पायांत अंतर किती? गाळ्याची लांबी-रुंदी? खालून बघितलं तर बीम कुठून कुठे जातात? आणि खाली कोण आहे?

कसबा_बावडा
करार भाडेपट्ट्याचा आहे की लिव्ह अँड लायसन्स? नोंदवलाय का? जड यंत्राबद्दल एखादं कलम आहे का? भोगवटा प्रमाणपत्रात त्या मजल्याचा वापर काय लिहिलाय?

प्रेसवाला_शाहूपुरी
पहिला मजला, लक्ष्मीपुरी, कोल्हापूर. १२ बाय २० फूट. पेपर कटर, मशीनच्या पाटीवर वजन २८०० किलो. करार ११ महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स, ५०० च्या स्टॅम्पवर नोटरी केलेला. ११ महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही. बाकी सामान नेहमीचंच. मला नियम सांगा की.

कसबा_बावडा
नोंदणी लागते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५ : लिव्ह अँड लायसन्स लेखी हवा आणि नोंदवलेला हवा, मुदत कितीही असो. ११ महिन्यांची पळवाट आपल्या राज्यात चालत नाही. नोंदवून घेण्याची जबाबदारी मालकाची. नोंदणी नसली आणि वाद झाला, तर कोणत्या अटींवर जागा दिली याबद्दल भाडेकरूचं म्हणणं खरं धरतात, उलट सिद्ध होईपर्यंत.
पण त्याच्या जोरावर मशीन चढवू नका. ईझमेंट्स ॲक्ट १८८२, कलम ५२ : लायसन्सने जागेत कसलाच हक्क तयार होत नाही, फक्त वापराची परवानगी मिळते. आणि भाडेपट्टा असता तरी मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम १०८ आडवं येतं. जागेला कायमची इजा होईल असं काही भाडेकरूने करायचं नाही. "व्यावसायिक" या एका शब्दात २८०० किलो बसत नाहीत.

करवीरकर
एवढं घाबरायचं कारण नाही. १२ बाय २० म्हणजे २२ चौरस मीटर. २८०० भागिले २२, चौरस मीटरला १२७ किलो. दुकानाचा स्लॅब ४०० किलोचा असतो. मशीनखाली चांगले रबर पॅड टाका, वजनही पसरतं आणि आवाजही बंद. पॅड घ्या, विषय संपला.

स्लॅब_बीम
करवीरकर, हा हिशेब धोक्याचा आहे. मशीन अख्ख्या खोलीवर पसरून उभं राहत नाही. वजन मधे एका जागी आलं, तर तेच वजन सारखं पसरल्यावर स्लॅबला वाकवणारा जो जोर (बेंडिंग मोमेंट) येतो त्याच्या दुप्पट येतो. दोन टोकांवर नुसती टेकवलेल्या पट्टीचं गणित आहे हे. कटरचं टेबल पुढे हवेत असतं, सगळा भार चार पायांवर. पाय साधारण १.३ बाय १ मीटरमध्ये बसत असतील तर त्या तुकड्यावर चौरस मीटरला २१०० किलोच्या वर भार येतो.

आता आयएस ८७५ भाग २, म्हणजे मजल्यावर किती भार धरायचा त्याचं भारतीय मानक, त्यातले आकडे. घर २ किलोन्यूटन प्रति चौरस मीटर, म्हणजे साधारण २०० किलो. ऑफिस २.५ ते ४. किरकोळ विक्रीचं दुकान ४. हलक्या यंत्राचा कारखाना ५, मध्यम ७, जड १०. लक्ष्मीपुरीत पहिल्या मजल्यावरचे बरेच गाळे मुळात ऑफिस म्हणून काढलेले असतात, क्वचित राहत्या घराचा बदललेला वापर असतो. तिथे ४०० गृहीत धरू नका. शिवाय पुढे-मागे हलणाऱ्या यंत्राला त्याच मानकात किमान ५० टक्के धक्क्याची वाढ धरायची आहे. २८०० चे ४२०० झाले.

कागद_कटिंग
सगळे मशीनच मोजताय. कागद कुठे ठेवणार? २३ बाय ३६ इंचांचं ७० जीएसएमचं (चौरस मीटरला ७० ग्रॅम) रीम, म्हणजे ५०० कागद, १८.७ किलो, जाडी साधारण ४५ मिमी. चार फुटांच्या थप्पीत २७ रीम बसतात. पाचशे किलो, आणि तेही अर्ध्या चौरस मीटरवर. म्हणजे चौरस मीटरला ९४५. आर्ट पेपर असेल तर याच्याही बराच वर. मशीन एकदा ठेवलं की जागेवर राहतं, थप्पी मात्र दिवाळीआधी कॅलेंडर-डायरीच्या हंगामात भिंतीपासून मधोमध सरकत येते. स्लॅब वाकतो तो त्या दिवसांत. "नेहमीचं सामान" म्हणजे नक्की काय आणि किती, ते लिहा.

हिशेबनीस
भाड्यावरचा जीएसटी बघून घ्या. मालक नोंदणीकृत नसतील आणि तुम्ही असाल, तर १० ऑक्टोबर २०२४ पासून व्यावसायिक जागेच्या भाड्यावरचा १८ टक्के कर रिव्हर्स चार्जने तुम्हाला भरावा लागतो. कंपोझिशन योजनेतल्या छोट्या व्यावसायिकांना त्यातून वगळलंय.

शिरोली_फाटा
शहरात पहिल्या मजल्यावर प्रेस चालवायचीच कशाला? शिरोली, गोकुळ शिरगाव, नाहीतर उद्यमनगर अशा औद्योगिक भागात तळमजला बघा. पीसीसीवर (जमिनीवरच्या साध्या काँक्रीटवर) मशीन ठेवा, स्लॅबची चिंता नको.

प्रेसवाला_शाहूपुरी
गिऱ्हाईक लक्ष्मीपुरीत आहे, शिरोलीला कोण येणार? आणि तळमजला सोडायचाच आहे. सध्याच्या जागेत पुराचं पाणी येतं, म्हणून तर वर चाललोय. सामान : कटर, एक फोल्डिंग मशीन, एक मिनी ऑफसेट (छोटं छपाई मशीन), कागद असेल ८०-९० रीम. खाली पॅथॉलॉजी लॅब आहे.

पंचगंगाकाठ
पुराची भीती खरी आहे. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट इशारा पातळी, ४३ धोका पातळी. २०१९ आणि २०२१ दोन्ही साली पाणी ४३ च्या खूप वर गेलं, शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत घरांत शिरलं. लक्ष्मीपुरीचाही सगळा भाग सारखा उंच नाही. गाळा घेताना जिन्याच्या भिंतीवरची पुराची खूण बघा.

स्लॅब_बीम
खाली लॅब आहे हे पहिल्याच ओळीत यायला हवं होतं. सूक्ष्मदर्शक आणि तराजू दोन्ही कंपनाला नाजूक. तिथे आवाजापेक्षा स्लॅबचं थरथरणं आधी जाणवेल.

राजारामपुरीकर
लॅब म्हणजे सायलेन्स झोन. दिवसा ५० डेसिबल. विषयच संपला.

कसबा_बावडा
तसं नाही. ध्वनी प्रदूषण नियम २००० मध्ये रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्याभोवतीच्या १०० मीटरचा उल्लेख आहे, पण २०१७ च्या दुरुस्तीनंतर राज्य सरकारने घोषित केल्याशिवाय शांतता क्षेत्र ठरत नाही. लॅब खाली आहे म्हणून आपोआप ५० होत नाही. व्यापारी भागाला दिवसा ६५, रात्री ५५. निवासी भागाला ५५ आणि ४५. दिवस म्हणजे सकाळी ६ ते रात्री १०. आणि हे नियम आवाजाचे आहेत, कंपनाचे नाहीत. कंपनाचं जे काही ठरवायचं ते करारातच ठरवा.

करवीरकर
म्हणूनच रबर पॅड म्हणतोय.

स्लॅब_बीम
पॅड वाईट नाहीत, चुकीच्या कामाला लावू नका. पॅड वजन कमी करत नाही. आणि आवाजासाठी तो किती दबतो त्यावर सगळं आहे. पॅडची स्वतःची वारंवारिता (सेकंदाला किती वेळा हलतो, हर्ट्झमध्ये) = १५.८ भागिले दबण्याचं (मिमी) वर्गमूळ. १० मिमीचा कडक पॅड मिलिमीटरभर दबला तर साधारण १६ हर्ट्झ. ऑफसेटचा हवेचा पंप मिनिटाला १४४० फेऱ्यांचा, म्हणजे २४ हर्ट्झ. उपयोग व्हायचा तर पॅडची वारंवारिता त्याच्या तिसऱ्या हिश्शावर, ८ च्या आसपास हवी. त्याला जवळपास ४ मिमी दबणारं माउंट लागतं, स्प्रिंगचं किंवा जाड मऊ रबराचं. पंपाला ते लावा. कटरला नको. मऊ पायावर कटरची लेव्हल हलते आणि थप्पीचा वरचा आणि खालचा कागद एका मापात कापला जात नाही.

कागद_कटिंग
बरोबर. कटर कडक पायावरच हवा. फोल्डिंग मशीनचा त्रास वेगळा, तो हवेतून जाणारा आवाज आहे. त्याला झाकण आणि बंद खिडकी हवी, पॅडने काही होत नाही.

प्रेसवाला_शाहूपुरी
मग काही मार्ग आहे की नाही? गर्डर टाकून होईल असं एक फॅब्रिकेटर म्हणतोय.

स्लॅब_बीम
होऊ शकतं, पण फॅब्रिकेटरच्या शब्दावर नाही. दोन समांतर बीममध्ये ३.६ मीटर अंतर धरलं, तर आयएसएमबी २०० चे (२०० मिमी उंचीचे, I आकाराचे पोलादी) दोन गर्डर ४२०० किलोला ताकदीत आरामात पुरतात. मधे साधारण ४ मिमी झुकतात. म्हणून गर्डर आणि फरशीत १० मिमी तरी फट ठेवा, नाहीतर गर्डर स्लॅबवर टेकतो आणि वजन परत स्लॅबवरच. गर्डरची टोकं बीमच्या बरोबर वर, ३०० बाय ३०० बाय १२ मिमीच्या प्लेटवर. बीम कुठे आहे ते वरून अंदाजाने ठरवू नका. खालच्या छताला बघून माप घ्या, गरज पडली तर रिबार लोकेटर (काँक्रीटमधल्या सळ्या शोधणारं यंत्र) लावा.
पण भार आता बीमवर आला. तो पेलतो का, हे स्ट्रक्चरल इंजिनिअरनेच सांगायचं. ड्रॉइंग मालकाकडे नसेल तर महापालिकेच्या नगररचना विभागात मंजूर नकाशा मिळतो का बघा, त्यावरून निदान मूळ वापर कळेल. ड्रॉइंगच नसेल तर रिबाउंड हॅमर (काँक्रीटची ताकद अजमावणारा हातोडा) आणि लोकेटरने तपासणी.
चढवतानाची वाटही तपासा. हायड्राने मशीन बाल्कनीवर टेकवायचं नाही, ती एका बाजूने अधांतरी असते. पाइपवर सरकवताना सगळं वजन दोन-तीन पाइपांच्या रेषेत येतं. त्या वाटेखाली टेकू लावायचे तर लॅब एक दिवस बंद ठेवायला लागेल, त्यांना आधी विचारा.

कागद_कटिंग
९० रीम म्हणजे आणखी १७०० किलो. ते भिंतीकडेला, बीमच्या वर, दोन फुटांपेक्षा उंच नको. जमलं तर कागदाचा साठा दुसरीकडे आणि वर फक्त रोजचा.

प्रेसवाला_शाहूपुरी
हायड्रा रद्द केली. मालकांशी बोललो, इंजिनिअरचा दाखला दिला तर तयार आहेत. नवीन करार नोंदवून करायचाय. त्यात काय लिहून घेऊ?

कसबा_बावडा
हे तसंच टाका, वकिलाकडून भाषा बसवून घ्या :
"परिशिष्टात नमूद यंत्रे, त्यांचे पाटीवरील वजन, पायांची संख्या व नकाशात दाखवलेली जागा यांस मालकाची संमती आहे. जागा बदलणे अथवा नवीन यंत्र आणणे यासाठी लेखी परवानगी आवश्यक. कागदाचा साठा नकाशातील पट्ट्यातच, उंची ६०० मिमीपर्यंत. यंत्रे सकाळी ९ ते रात्री ८ या वेळेतच चालतील. आवाज खालच्या गाळ्यात, दारे बंद ठेवून मोजला जाईल व तो ___ डेसिबलपेक्षा जास्त नसेल."
डेसिबलचा आकडा कोरा ठेवू नका. आधी मशीन बंद असताना लॅबमध्ये मोजा, मग लॅबवाल्यांना मान्य होईल तो आकडा लिहा. इंजिनिअरची फी कोण देणार तेही लिहा. आणि दाखला नाही म्हणून आला, तर करार तिथेच संपून डिपॉझिट पूर्ण परत, हे कलम विसरू नका.

स्लॅब_बीम
एक भर : मशीन बसवण्याआधी खालच्या छताचे, बीमच्या टोकांचे आणि आधीच्या चिरांचे तारखेसह फोटो दोन्ही बाजूंच्या सहीने कराराला जोडा. चीर असेल तिथे जिप्समचा छोटा ठिपका लावून ठेवा. तो तडकला तर चीर हलतेय, मशीन बंद करून इंजिनिअरला बोलवा.

प्रेसवाला_शाहूपुरी
लॅबवाल्यांना भेटायला उद्या जातो. ठिपका किती जाड लावायचा?

स्लॅब_बीम
४-५ मिमी, चिरेच्या दोन्ही बाजूंना बोटभर. आधी तिथला रंग खरवडून काढा, रंगावर जिप्सम धरत नाही.