जुनी गाडी थरथरते आणि ऑइलही गळतंय, आधी काय बघू?

जुना_जोडीदार
मंडळी, गाडी १६ वर्षं जुनी आहे, पेट्रोल, मॅन्युअल, १ लाख ४० हजार किमी झालेत. दोन महिने झाले, सिग्नलला उभी असली की एवढी थरथरते की आतल्या आरशात मागच्या गाडीचा एक लाइट दोन दिसतो. थोडी रेस दिली की थांबते, एसी लावला की वाढते, आणि पहिल्या गिअरमध्ये उचलताना पुढून धप्प असा आवाज येतो. त्यात रोज सकाळी गाडीखाली तळहाताएवढा काळा डाग, आणि चढ चढून थांबलं की बॉनेटमधून जळका वास. गॅरेजमध्ये खालून बघितलं आणि म्हणाले मागचं क्रँक सील (इंजिनमधून गिअरबॉक्सकडे जाणाऱ्या दांड्याभोवतीचं ऑइल अडवणारं रबर) गेलंय, गिअरबॉक्स उतरवावा लागेल. करायला ना नाही, पण एवढं करून डाग तसाच राहिला तर? गाडी वडिलांची आहे, विकायची नाहीये.

दहाचा_पाना
गिअरबॉक्सला इतक्यात हात लावू देऊ नका. ऑइल वरून खाली ओघळतं आणि चालत्या गाडीत वारा ते मागे ढकलतो, त्यामुळे गळतं वरचं टॅपेट कव्हर (इंजिनच्या माथ्यावरचं झाकण) आणि थेंब लटकतो इंजिन-गिअरबॉक्सच्या जोडावर, खालून बघणाऱ्याला सील गेल्यासारखंच दिसणार. जळका वास येतोय म्हणजे ऑइल एक्झॉस्टच्या गरम पाइपवर पडतंय, आणि ते बहुतेक वेळा वरूनच आलेलं असतं.
थंड इंजिन डिग्रीझर लावून साफ करा (अल्टरनेटर आणि स्पार्क प्लगला करंट देणाऱ्या कॉइलवर प्लास्टिक बांधा, प्रेशरने पाणी मारू नका), मग ५०-१०० किमी चालवा आणि टॉर्च घेऊन वरून खाली बघत या. सगळ्यात वरची जी जागा ओली दिसेल तिथून गळतंय, त्याखालचं सगळं नुसतं माखलेलं. तरी कळलं नाही तर ऑइलमध्ये यूव्ही डाय टाकतात, निळ्या दिव्यात गळती चमकते. आणि हे होईपर्यंत डिपस्टिक रोज बघा, लेव्हल खाली गेली तर इंजिनच जाईल.

हळू_चालवा
थरथरीबद्दल सांगतो, कारण माझ्याकडे अगदी हेच झालं होतं आणि मी आधी दोनदा व्हील बॅलन्सिंग करून बसलो. उभ्या गाडीत थरथर असेल तर चाकांचा काही संबंध नाही. चाकाची थरथर ठरावीक स्पीडला येते, साधारण ८०-१०० ला, आणि फक्त ब्रेक मारल्यावर स्टीअरिंग हललं तर डिस्क बघायची. तुमची आयडलला आहे म्हणजे मिसफायर (एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट न जळणं) किंवा इंजिन माउंटिंग, म्हणजे इंजिन ज्यावर बसतं तो रबरी आधार, गॅरेजवाले ज्याला फाउंडेशन म्हणतात ते.
आता खरी गोष्ट: दोन्ही दुखणी एकच असू शकतात. टॅपेट कव्हरच्या आत प्लगच्या खड्ड्यांभोवती रबरी सील असतात, ती कडक झाली की ऑइल खड्ड्यात उतरतं. मी कॉइल ओढली तर तिचं रबर फुगून लिबलिबीत झालेलं आणि प्लग अर्धा ऑइलमध्ये बुडलेला. असं दिसलं तर प्लग लगेच खोलू नका, आधी फडक्याने सगळं ऑइल टिपून घ्या, नाहीतर ते सिलिंडरमध्ये जाईल.
माउंटिंगसाठी बॉनेट उघडा, हँडब्रेक ओढा, गाडीपुढे कोणालाही उभं करू नका, आणि एकाला पहिल्या गिअरमध्ये क्लच हळूच अर्धा सोडायला सांगून तुम्ही बाजूने बघा. इंजिन जरासं हलणारच, पण उचकून आपटलं तर रबर गेलंय. ते धप्प त्याचंच वाटतंय मला.

दहाचा_पाना
वरच्यांशी सहमत. टॅपेट कव्हरचं गॅस्केट (सांध्यातली रबरी पट्टी) बदलताना पीसीव्ही व्हॉल्व्ह (इंजिनच्या आत साठणारी वाफ बाहेर सोडणारी झडप) पण बघा, तो तुंबला की इंजिनच्या आत प्रेशर साठतं आणि नवं गॅस्केटसुद्धा गळायला लागतं. कव्हरचे बोल्ट मधून बाहेर असे थोडे थोडे आवळायचे, बऱ्याच गाड्यांना १० न्यूटन-मीटरच्या आसपासच लागतं, नेमका आकडा मॅन्युअलमध्ये बघा. जोर लावला तर कव्हर वाकतं आणि परत गळतं. सीलंट सगळीकडे फासू देऊ नका, टायमिंग कव्हर आणि हेड जिथे मिळतात त्या कोपऱ्यांवर ठिपका, बस. टायमिंग बेल्ट (इंजिनच्या व्हॉल्व्हची वेळ जुळवणारा पट्टा) असेल आणि त्यावर ऑइल दिसलं तर मात्र एक दिवस थांबू नका.

जुना_जोडीदार
रविवारी सगळं केलं. तिसऱ्या प्लगच्या खड्ड्यात बोटाच्या पेराएवढं ऑइल! कव्हरची मागची कड पूर्ण ओली, आणि तिथून ओघळ थेट खालच्या माउंटिंगवर, रबर नखाने दाबलं तर खड्डा तसाच राहतो. गॅस्केट, प्लगची सीलं, पीसीव्ही बदलले, ती कॉइल पण नवी टाकली. थरथर निम्म्याहून कमी झाली, वास गेला, धप्प अजून आहे. माउंटिंग मागवलंय. गाडीखाली पुठ्ठा अंथरून ठेवलाय, तीन सकाळी कोरडा आहे. गिअरबॉक्स जागेवरच आहे, तुम्हा दोघांचे मनापासून आभार.