बेंद्रे धरसोड करणारे? जरा थांबा की

गोदाकाठ: परवा इथं एकानं लिहिलं, 'ना. श्री. बेंद्रे मास्तर म्हणून थोर, चित्रकार म्हणून धरसोड. शैल्या बदलत राहिला: इंप्रेशनिझम झाला, क्यूबिझम झाला, म्हातारपणी ठिपक्याठिपक्यांची चित्रं.' दोन दिवस गप्प बसलो, राहवेना. इंदूरला देवळालीकर मास्तरांच्या हाताखाली भर उन्हात बसून निसर्गचित्रं शिकलेला हा माणूस. १९५० ला बडोद्याच्या विद्यापीठात चित्रकला शिकवायला गेला. त्याच्याकडं शिकलेल्या ज्योती भट्ट, गुलाममोहम्मद शेख यांच्या चित्रांत बेंद्रे शोधून दाखवा. सापडायचे नाहीत. आधी स्वतः करून बघायचं, मग पोरांना त्यांच्या वाटेनं जाऊ द्यायचं. ही धरसोड?

बालाघाटी: लिहिणारा मीच, नाव घ्यायला लाजू नका. मास्तरकी मान्य. पण १९६६ ला बडोदा सोडून मुंबईत आल्यावर काय? ठिपक्यांतल्या गोड बायका. दिवाणखान्यात झकास. अमूर्त चित्रं काढणाऱ्या गायतोंडेंशेजारी टांगून बघा.

रिकामी_खडूपेटी: तुमचं बडोदा राहू द्या. आमच्या परभणीकडं चित्रकलेचा मास्तर म्हणजे फलकलेखन, रांगोळी अन् मतदार यादी. दहावीच्या वाढीव गुणांपुरती इंटरमीजिएट चित्रकला परीक्षा. स्मरणचित्र काढा म्हटलं की पोरं समुद्र, होडी, नारळ काढतात. गावात नारळ नाही, समुद्र कुणी बघितला नाही! पळस फुललेला दारात, तो एकालाही दिसत नाही.

बालाघाटी: विषय बेंद्रेंचा आहे, तुमच्या स्टाफरूमचा नाही.

रिकामी_खडूपेटी: विषय तोच आहे! तुम्ही तरी होडी कुणाकडून शिकलात? माझ्यासारख्याच मास्तरकडून ना?

गोदाकाठ: भांडू नका. आमच्या सरांनी मे महिन्यात, सकाळी अकराला, देवगिरीच्या पायथ्याशी बसवलं होतं. मी किल्ला राखाडी रंगवला. सरांनी कागद टराटरा फाडला. 'डब्यातला रंग नको, खडकातला दे.' तासभर बघत बसलो, डोकं तापलं, तेव्हा कुठं सावलीतला जांभळा दिसला. ते सर बेंद्रेंना कधी भेटलेले नव्हते, पण त्यांचं नाव घेताना कानाची पाळी धरायचे.

बालाघाटी: कागद फाडणारा मास्तर अन् पोरांना मोकळं सोडणारे बेंद्रे, एकाच पंगतीत कसे बसवले हो?

गोदाकाठ: …तेवढं बरोबर आहे तुमचं.

बालाघाटी: चला, एक तरी मान्य केलं. मीही 'धरसोड' मागं घेतो, 'फिरस्ती' लिहा. ठिपके मात्र मेलो तरी नाही.

रिकामी_खडूपेटी: अन् होडीचं?