स्प्लेंडरचा ब्लॉक: बोअर करायचा की नुसत्या रिंग टाकायच्या? मापं घेतली आहेत, मदत हवी आहे

तासगाव_रोड

नमस्कार मंडळी. गाडी किकवाली स्प्लेंडर, 97.2 सीसी. मूळ बोअर (ब्लॉकमधल्या सिलिंडरचा आतला व्यास) 50.0 मिमी, स्ट्रोक (पिस्टनची धाव) 49.5. चढाला अ‍ॅक्सिलेटर पिळला की निळा धूर येतो, सकाळच्या पहिल्या किकला येत नाही. ऑइल हजार किलोमीटरला साधारण 350 मिली जातं. खोलण्याआधी कॉम्प्रेशन बघितलं: कोरडं 95 पीएसआय, प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल घातल्यावर 140.

आता ब्लॉक खाली आहे. बोअर गेजचा शून्य 50.00 वर धरून मापं अशी (पहिला आकडा पुढे-मागे, दुसरा गजन पिनच्या, म्हणजे पिस्टन रॉडला जोडणाऱ्या पिनच्या, रेषेत):

वर, कड्याच्या (रिंग पोचत नाही म्हणून न झिजलेली वरची कड) लगेच खाली: +0.09 / +0.05
मध्ये: +0.05 / +0.03
तळाला, रिंग पोचत नाही तिथे: +0.01 / +0.01

पिस्टनचा स्कर्ट (रिंगांच्या खालचा भाग) 49.93. जुनी वरची रिंग बोअरमध्ये घालून तोंडाची फट वर 0.55, तळाला 0.35. मागच्या बाजूला एक उभा ओरखडा आहे, नख किंचित अडकतं. एक मिस्त्री म्हणतात रिंग टाका, दुसरे म्हणतात बोअर थेट 0.50 मिमीने मोठा करा. कुणाचं ऐकू?

कुपवाड_टर्नर

भाऊ, मापं नीट घेतली आहेत, त्यामुळे उत्तर अंदाजाने द्यावं लागत नाही. आधी आकडे खरे आहेत का ते पडताळू. रिंगची फट व्यासापेक्षा 3.14 पटीने वाढते. तुमच्या दोन फटींतला फरक 0.20, भागिले 3.14 म्हणजे 0.064. गेजवर वरचा सरासरी व्यास +0.07, तळाचा +0.01, फरक 0.06. दोन वेगळ्या रस्त्यांनी तेच उत्तर आलं, म्हणजे गेज खोटं बोलत नाही. ज्यांच्याकडे बोअर गेज नाही त्यांनीही फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) आणि एका रिंगवर एवढं तरी जरूर करावं. रिंग पिस्टनच्या डोक्याने ढकलून सरळ बसवायची, तिरकी राहिली तर फट चुकते. फक्त यातून लंबगोलपणा कळत नाही, कारण रिंग सगळ्या बाजूंची सरासरी सांगते.

इतरांसाठी: 50 च्या बोअरला 35-60 रेंजचं गेज लागतं. 50-160 चं गेज अगदी टोकावर येतं आणि नीट बसत नाही. मायक्रोमीटर 50.00 वर लॉक करून त्यात गेजचा शून्य लावायचा. बोअरमध्ये गेज पुढे-मागे झुलवलं की काटा एका जागी वळतो, ते सगळ्यात लहान माप खरं. व्हर्निअर या कामाला बिलकुल नको. त्याचं लघुत्तम माप 0.02, जबडे गोल भिंतीला सपाट टेकत नाहीत, आणि आपला सगळा निर्णय पाच-दहा शतांशात आहे. ब्लॉक उन्हातून आणून लगेच मोजू नका. दहा अंशांच्या फरकाने 50 मिमीवर पाच ते दहा मायक्रॉन सरकतात. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे ब्लॉक, गेज आणि मायक्रोमीटर रात्रभर एकाच खोलीत ठेवून सकाळी मोजलेलं बरं.

एक विचारतो: स्कर्ट कुठे मोजलात? पिनला काटकोनात, खालच्या कडेपासून साधारण 10 मिमी वर मोजायचा असतो.

तासगाव_रोड

तिथेच मोजलाय, दोनदा. 49.93 च येतो.

गेज_आणि_फिलर

मग वरच्या भागात पिस्टन आणि बोअरमधली फट 50.09 वजा 49.93, म्हणजे 0.16. नव्या लहान इंजिनात ही दोन ते चार शतांश असते. 0.10 च्या पुढे गेली की मी ब्लॉक परत बसवायला सांगत नाही. अंतिम मर्यादा तुमच्या मॉडेलच्या मॅन्युअलची धरा, पण इथे घासाघीस करायला जागाच नाही.

नुसत्या रिंग का नकोत ते सांगतो, कारण हा सल्ला सर्रास दिला जातो. तुमचा बोअर वर रुंद आणि खाली अरुंद आहे, उतार 0.08. नवी रिंग प्रत्येक फेरीला वर उघडणार, खाली मिटणार, आणि खाचेत सतत आत-बाहेर सरकणार. भिंतीवर तिची बैठक कधीच जमत नाही, खाचही झिजते. शिवाय वरचा भाग 0.04 ने लंबगोल आहे, गोल रिंग तिथे पूर्ण टेकत नाही. त्यात वरचा कडा. जुन्या रिंगची धार झिजून कड्याशी जुळलेली असते, नव्या रिंगची कोरी धार त्याच्यावर आपटते. कधी रिंग तुटते, कधी पिस्टनचा खाचांमधला पट्टा. उतार आणि लंबगोलपणा दोन्ही 0.03 च्या आत, पिस्टन शाबूत, ओरखडा नाही, असं असतं तर हलकं हॉनिंग (दगडाने भिंत घासून बारीक रेघा पाडणं) आणि रिंग मीही सांगितलं असतं.

झीज वरच जास्त का? पिस्टन तिथे क्षणभर थांबतो, ऑइलची फिल्म तुटते, आणि नेमका तेव्हाच जळणाऱ्या वायूचा दाब रिंगच्या मागे जाऊन तिला भिंतीवर रेटतो. पुढे-मागे जास्त, कारण कनेक्टिंग रॉड तिरका झाला की पिस्टन त्या बाजूला ढकलला जातो.

मिरज_व्हॉल्व्ह

धूर लोडवर, सकाळी नाही, आणि ऑइल घातल्यावर कॉम्प्रेशन 45 ने चढलं: तिन्ही खुणा रिंग-बोअरकडेच जातात. व्हॉल्व्ह सील गेलं असतं तर रात्रभर उभ्या गाडीने पहिल्या किकला धूर सोडला असता. तरी हेड खाली आहेच, तर पोर्टमध्ये रॉकेल भरून दहा मिनिटं ठेवा. व्हॉल्व्हच्या बैठकीतून पाझरलं तर आत्ताच लॅपिंग करा, म्हणजे पेस्ट लावून व्हॉल्व्ह बैठकीवर घासून घ्या. नव्या बोअरवर गळकं हेड बसवू नका.

तासगाव_रोड

पटलं. मग 0.25 की 0.50?

कुपवाड_टर्नर

0.25. हिशोब असा. बोअरिंगवाल्याने केंद्र तळाच्या न झिजलेल्या भागावरून धरायचं, झिजलेल्या तोंडावरून धरलं तर बोअर क्रँकच्या रेषेतून सरकतो. सगळी झीज एकाच भिंतीत आहे असं वाईटात वाईट धरलं तरी त्या बाजूची त्रिज्या 25.085 होते. 50.25 ची त्रिज्या 25.125. म्हणजे भिंतीत अजून 0.04 शिल्लक. ओरखडा याहून उथळ असेल तर निघून जाईल. 50.20 पर्यंत कापून थांबायला सांगा आणि टॉर्च लावून बघा. ओरखडा दिसतच असेल तरच 0.50. पहिल्याच फेरीत 0.50 केलं तर पुढचं एक आयुष्य उगाच कापून फेकलं.

पिस्टन आधी घ्या, दुकानदाराशी बदलून देण्याचं बोलून घ्या, आणि ब्लॉकसोबत पिस्टनही द्या. डब्यावर 0.25 लिहिलं तरी स्कर्ट 50.25 नसतो. तो मोजायचा आणि त्यावर फट मिळवायची: स्कर्ट 50.22 आला तर तयार बोअर 50.25. फट कागदावर लिहून द्या, तोंडी नको. बोअरिंगनंतर व्यासात तीन-चार शतांश हॉनिंगला ठेवायला सांगा. बोअरिंगच्या टूलचे खवले तसेच राहिले तर रिंग बसत नाही. हॉनिंगच्या रेघा एकमेकींना छेदणाऱ्या हव्यात, आणि खालच्या कडेला चॅम्फर (तिरपी उतरवलेली कड), नाहीतर पिस्टन घालताना रिंग अडकते.

धुताना पेट्रोलवर भागवू नका. पेट्रोल ऑइल काढतं, हॉनिंगची बारीक भुकटी रेघांतच राहते आणि नव्या रिंगला खाते. गरम पाणी, साबण आणि ब्रश. पांढरं फडकं काळं यायचं थांबेपर्यंत धुवायचं, पुसून लगेच ऑइल लावायचं. लोखंडी स्लीव्ह बघता बघता गंजते.

गेज_आणि_फिलर

नव्या रिंगची फटही बोअरमध्ये घालून बघा. साधारण 0.15 ते 0.30 चालते. 0.10 च्या आत असेल तर गरम झाल्यावर तोंडं भिडतात आणि भिंत सोलते. फाइल बाहेरच्या अंगाने आत मारायची. बसवताना खुणेची बाजू वर, तोंडं 120 अंशांवर.

आणि बोअर परत यायच्या आत एअर फिल्टर ते कार्बोरेटर रबरी नळी काढून आतून पांढऱ्या फडक्याने पुसा. वर जास्त झीज धुळीनेही होते, आणि उसाच्या हंगामात आपल्या रस्त्यांवर धूळ किती असते ते तुम्हाला माहीत आहे. फडक्यावर मातीची करकर लागली तर नळी, क्लिप आणि फिल्टर तिन्ही बदला.

तासगाव_रोड

आत्ताच पुसलं. करकर आहे, नळीला क्लिपखाली चीर आहे. नळी, क्लिप आणि फिल्टरही 0.25 च्या पिस्टनबरोबर आणतो. बोअर 50.20 ला थांबवून ओरखड्याचा फोटो इथेच टाकतो.