टेनिस एल्बो : स्टेरॉइडनंतर प्रोलोथेरपी घ्यावी का?

प्रश्न : टेनिस एल्बोमुळे माझे कोपर बरेच दिवस दुखते आहे. स्टेरॉइडच्या इंजेक्शनाने काही आठवडे आराम पडला, पण दुखणे परतले. आता डॉक्टर प्रोलोथेरपी सुचवत आहेत. तिने नेमके काय होते?

उत्तर १ : टेंडन (स्नायूला हाडाशी जोडणारा चिवट दोर) किंवा लिगामेंट (हाडांना एकमेकांशी बांधणारा पट्टा) जिथे हाडाला जोडलेले असते, तिथे साधारण १२.५ ते २५ टक्के तीव्रतेचे डेक्स्ट्रोजचे (एका साध्या साखरेचे) द्रावण टोचतात. त्यामुळे मुद्दाम सौम्य दाह निर्माण होऊन थांबलेली दुरुस्ती पुन्हा सुरू होते, अशी त्यामागची कल्पना आहे. म्हणूनच त्यानंतर काही दिवस दाहशामक गोळ्या टाळायला सांगतात. अमेरिकी शल्यचिकित्सक जॉर्ज हॅकेट यांनी १९५०च्या दशकात ‘प्रोलोथेरपी’ हे नाव रूढ केले. कल्पना पटण्याजोगी असली, तरी पुरावा मात्र तोकडाच आहे.

उत्तर २ : स्टेरॉइडचा आपला अनुभव अपवादात्मक नाही. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात २०१० साली प्रसिद्ध झालेल्या आढाव्यातही टेनिस एल्बोत त्याचा सुरुवातीचा फायदा टिकत नाही, उलट पुढे इतर उपचारांच्या तुलनेत परिणाम वाईटच दिसतो, असे आढळले. इंजेक्शन कोणतेही घ्या, टेंडनवर हळूहळू भार वाढवणारा व्यायाम चुकत नाही. तो काही महिने नीट झालेला नसेल, तर माझ्या मते सुईआधी तोच करावा.