सॅनेटोरियम बंद पडली ही खरंच चूक होती का?

मुळामुठा: कालच्या धाग्यात एकांनी लिहिलंय की १९५०च्या दशकात डोंगरावरची हवा, अंडी-दूध आणि सक्तीची विश्रांती यांनी क्षय बरा व्हायचा, आणि सॅनेटोरियम (क्षयरोग्यांना महिनोन्‌महिने ठेवून घेणारी रुग्णालयं) मोडून सरकारनं रुग्णांना गोळ्यांच्या पुड्या देऊन वाऱ्यावर सोडलं. हे वाचून गप्प बसवेना.

देशाच्या आरोग्यव्यवस्थेची पाहणी करणाऱ्या भोर समितीच्या १९४६च्या अहवालात अंदाज होता क्षयाच्या २५ लाख संसर्गजन्य रुग्णांचा आणि दरसाल पाच लाख मृत्यूंचा. खाटा किती? सहा हजारांच्या आसपास. पैसा किंवा ओळख असेल त्यालाच खाट. बाकीचे चाळीत, झोपडीत खोकत गेले.

१९५६ साली मद्रासला सुरू झालेला अभ्यास बघा. गरीब वस्तीतले १९३ रुग्ण. काही सॅनेटोरियममध्ये, काही घरीच. दोघांनाही वर्षभर आयसोनायझिड आणि पीएएस ही क्षयाची औषधं. घरी उपचार घेणारे दाटीवाटीत राहिले, जेवण निकृष्ट, विश्रांतीही कमी. वर्षाअखेरीस रोग शमला सॅनेटोरियममधल्या ९२ टक्क्यांचा आणि घरच्या ८६ टक्क्यांचा. घरातल्या इतरांना लागणही जास्त झाली नाही. बरं केलं ते औषधानं. हवेचं कौतुक पुरे.

सांगलीकर: टक्के बरोबर असतील. माझ्या आत्याला सासरच्यांनी खोकल्यात रक्त दिसताच माहेरी आणून सोडलं. ताट-वाटी वेगळी, अंथरूण गोठ्याशेजारी. ती सॅनेटोरियममध्ये गेली तेव्हा लग्नानंतर पहिल्यांदा पोटभर जेवली. अशा बाईला ‘घरीच उपचार घ्या’ म्हणताना कुठलं घर धरायचं? तुमच्या अभ्यासात हे मोजलं होतं का?

निवृत्त_सिस्टर: मुळामुठा, अर्धीच गोष्ट सांगताय. मद्रासला कर्मचारी न सांगता घरी जायचे, शिल्लक गोळ्या मोजायचे, लघवी तपासून औषध पोटात गेलंय का बघायचे. १९६२ पासून जिल्हा क्षयरोग कार्यक्रम आला. त्यात औषध खेड्यापर्यंत पोचलं, पण ही पायपीट त्या प्रमाणात कुठे पोचली? मी नोकरीला लागले तेव्हाही पीएएसच्या मूठभर गोळ्या घेऊन लोकांना मळमळायचं. खोकला थांबला की औषध बंद, आणि पुढच्या पावसाळ्यात तोच माणूस आणखी वाळून परत. ‘रुग्ण बेफिकीर’ असा शेरा मारणाऱ्या डॉक्टरांशी मी आयुष्यभर भांडले.

खानदेशी_आबा: आणि बीसीजीचं, त्या क्षयाच्या लशीचं काय? १९४८ साली आंध्रातल्या मदनपल्लीपासून सुरुवात, १९५१ पासून देशभर धडाका. राजाजींनी (माजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी) १९५५मध्ये जाहीर विरोध केला, तर त्यांना मागासलेलं ठरवलं. शेवटी मद्रासजवळच्या चिंगलपेटला अडीच लाखांहून जास्त लोकांवरच्या चाचणीत काय निघालं? मोठ्यांच्या फुप्फुसाच्या क्षयापासून संरक्षण नाही! म्हातारा बरोबर होता.

मुळामुठा: आबा, विषय सॅनेटोरियमचा आहे. आणि हे अर्धसत्य पसरवू नका. चिंगलपेटचे निष्कर्ष १९७९चे. राजाजींच्या हातात १९५५मध्ये तो पुरावा नव्हता. लहान मुलांना मेंदूच्या क्षयापासून ही लस वाचवते. आजही बाळांना ती याचसाठी देतात.

खानदेशी_आबा: पुरावा नव्हता म्हणूनच ते थांबा म्हणत होते! शाळेत रांग लावून आधी ट्यूबरक्युलिन (क्षयाची लागण आहे का हे बघायची चाचणी) टोचलं, तिसऱ्या दिवशी हात बघून लस. माझ्या वडलांना कुणी विचारलं होतं? व्रण माझ्या दंडावर अजून आहे. प्रश्न विचारला की लगेच लसविरोधक!

निवृत्त_सिस्टर: आबा, विचारायला हवं होतं, हे मान्य. पण आचके देणारं मूल मांडीवर घेऊन बसलेली आई मी वॉर्डात पाहिली आहे. मेंदूचा क्षय होता. त्यानंतर बाळांच्या बीसीजीवर वाद घालायला मी बसत नाही.

सांगलीकर: सगळे बीसीजीकडे वळले. माझ्या आत्याबद्दल कुणी बोलायचं?

मुळामुठा: बोलतो. आत्यांना तिथे आसरा मिळाला, हे नाकारत नाही. सिस्टर म्हणतात ती देखरेख खेड्यात नेली नाही, हेही ठीक, सरकारचा दोष धरा. पण आसरा हवा म्हणून २५ लाख रुग्णांच्या देशानं सहा हजार खाटांची वाट बघायची का? मद्रासच्या त्या वस्तीतल्या रुग्णांना तोवर काय सांगायचं होतं?

सांगलीकर: खाटांची वाट बघा असं मी म्हटलेलंच नाही. औषध घरी द्याच. पण ज्यांना घरातूनच काढलंय त्यांच्यासाठी थोड्या खाटा तरी ठेवायच्या होत्या. एवढं मान्य करायला एवढा राग का येतो?